सातारा किती अक्षरांचा?

एक सोपा प्रश्न. ‘सातारा’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोरही सांगेल: सा, ता, रा. तीन. हाच प्रश्न सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला विचारा. तो एका पद्धतीने मोजून १८ सांगेल आणि दुसऱ्या पद्धतीने ६. ‘सांगली’ विचारा, पुन्हा १८ आणि ६. ‘कऱ्हाड’ विचारा, तिथेही १८ आणि ६. आपण मात्र तिन्ही नावं तीन अक्षरीच समजतो.

मी मूळचा सांगलीचा, आजोळ कऱ्हाडचं, पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो. त्यामुळे ही तीन नावं आणि हे तीन आकडे माझ्या डोक्यात कायम एकत्र फिरतात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक एवढाच, की ‘अक्षर’ म्हणजे काय हे प्रत्येक वेळी वेगळ्या माणसांनी ठरवलंय. ते कुणी आणि कधी ठरवलं, याचा इतिहास सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या मिरजेतून सुरू करता येतो.

मिरजेचा तांब्याचा पत्रा

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यातला इंग्रज वकील होता चार्ल्स मॅलेट. नाना फडणवीसांच्या पुढाकाराने त्याच्याकडे एक तांबट कारागीर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापण्याची विद्या शिकला. पुढे पुण्यातलं वारं फिरलं आणि या कारागिराला आश्रय मिळाला तो मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांचा. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून.

या छपाईत अक्षर मोजायची गरजच नव्हती. पत्र्यावर अख्खं पान उलटं कोरायचं. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असो, कोरणाऱ्याचा हात ते काढू शकत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर मिरजेची गीता म्हणजे पानांचे फोटो. दिसायला अक्षरं, पण एकही सुटं काढून दुसरीकडे वापरता येणार नाही.

गंमत म्हणजे त्याच १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, आणि त्यातली देवनागरी सुट्या खिळ्यांची होती. तिथे पंचानन कर्मकार या कारागिराने देवनागरीचे खिळे घडवले होते. खिळे आले की निर्णय घ्यावे लागतात. ‘कि’ हा एक खिळा की क आणि वेलांटी असे दोन? ‘क्ष’ वेगळा ओतायचा की जोडून करायचा? इंग्रजीचं काम लहान-मोठी लिपी धरून थोड्या खिळ्यांत भागायचं, देवनागरीला ते शेकड्यांनी लागत. म्हणूनच ही संख्या कमी करण्याची खटपट लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी केली. लिपीचे तुकडे कुठे पाडायचे, हा वाद संगणकाच्या फार आधीचा आहे.

एका बाइटची खोली

१९६३ साली अमेरिकेत आस्की हे मानक आलं. त्यात १२८ जागा: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिच्यात अक्षर ठेवायच्या खणाचं नाव ‘कॅर’, म्हणजे कॅरॅक्टर, आणि आकार एक बाइट. एक बाइट म्हणजे एक अक्षर हे समीकरण इंग्रजीपुरतं चाललं, आणि जगभरच्या प्रोग्राममध्ये मुरलं.

एका बाइटमध्ये २५६ किमती मावतात. आस्कीने निम्म्या वापरल्या, निम्म्या उरल्या. भारतीय अभियंत्यांनी याच उरलेल्या निम्म्यात संसार मांडला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उभं केलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्यातून ‘इस्की’ हे मानक घडलं, ज्याची १९९१ची आवृत्ती भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केली. त्यातली सुंदर कल्पना अशी: देवनागरी, बंगाली, कन्नड, तमिळ या सगळ्या लिप्यांची मुळं एक, म्हणून तक्ताही एकच. कुठली लिपी दाखवायची ते एका खास बाइटने सांगायचं. १९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीचा क्रम १९८८च्या इस्कीवरून घेतला. तुमच्या फोनमधल्या मराठीच्या मुळाशी कानपूर आणि पुण्यात झालेलं काम आहे, ते असं.

तीन बाइटचा ‘स’

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला. ‘स’चा क्रमांक २३६०. पण हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. त्यावरचा तोडगा १९९२च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी काढला. न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात जेवताना, टेबलावरच्या कागदी मॅटवर. तीच यूटीएफ-८. आस्कीची चिन्हं एका बाइटमध्ये जशीच्या तशी, बाकीची दोन, तीन किंवा चार बाइटमध्ये. देवनागरीच्या वाट्याला तीन आले.

‘स’चे तीन बाइट आहेत २२४, १६४, १८४. फोनवरचं कॅलक्युलेटर उघडून पाहा. पहिला २२४ सांगतो, ‘हे तीन बाइटचं चिन्ह आहे’. त्यातून २२४ वजा केले की शून्य उरतं. पुढच्या दोघांतून १२८ वजा करा: ३६ आणि ५६. ३६ गुणिले ६४, अधिक ५६. उत्तर २३६०.

एवढंच गणित प्रोग्राम करतो तेव्हा त्याला मल्टिबाइटमधून वाइड कॅरॅक्टरमध्ये रूपांतर म्हणतात. मल्टिबाइट म्हणजे साठवायचं आणि पाठवायचं रूप: बाइटची माळ, कुणाला एक बाइट, कुणाला तीन. वाइड कॅरॅक्टर म्हणजे मोजायचं रूप: प्रत्येक चिन्हाला सारख्या मापाचा मोठा खण. ‘सातारा’मध्ये स, काना, त, काना, र, काना अशी सहा चिन्हं. म्हणून सहा खण, आणि सहा त्रिक अठरा बाइट.

सी भाषेत ही सोय १९८९च्या मानकात आली. तिची निकड आधी जपानी-चिनी लिप्यांना होती, कारण त्यांची हजारो चिन्हं एका बाइटमध्ये मावणं शक्यच नव्हतं. अख्खी माळ बदलणाऱ्या फंक्शनचं नाव ‘एमबीएस-टू-डब्ल्यूसीएस’: मल्टिबाइट स्ट्रिंग ते वाइड कॅरॅक्टर स्ट्रिंग. १९९५च्या दुरुस्तीत त्याची जास्त समजूतदार भावंडं आली. त्यातलं एक ‘एमबीआर-टू-डब्ल्यूसी’. मधल्या ‘आर’चा अर्थ, काम मध्येच थांबलं तरी तिथून पुढे सुरू करता येतं.

ही समजूत कामाची आहे. समजा नेटवरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतोय आणि ‘स’चे दोनच बाइट पोचलेत. हे फंक्शन तेव्हा उणे दोन परत देतं: चूक नाही, पण अजून अपुरं आहे, पुढचा बाइट द्या. मधल्या काळात अर्धं चिन्ह ते एका छोट्या टिपणात लक्षात ठेवतं. बाइट खरोखरच चुकीचा निघाला, तर उणे एक. ‘चुकीचं’ आणि ‘अपुरं’ यांत भेद करणारं फंक्शन मला फार आवडतं. सरकारी खिडकीवर असा भेद झाला तर अर्ध्या लोकांची परत खेप वाचेल.

तुम्ही कुठले?

पण या फंक्शनना एक गोष्ट आधी सांगावी लागते: ही माळ कुठल्या पद्धतीने लिहिलीय? २२४, १६४, १८४ हे तीन बाइट यूटीएफ-८ समजून वाचले तर ‘स’ होतो. पश्चिम युरोपच्या जुन्या पद्धतीने वाचले तर तीन वेगळी चिन्हं होतात. मराठीच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. पुष्कळदा ती अशीच तयार होतात.

ही ओळख म्हणजे लोकेल. आपलं लोकेल लिहितात ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’: भाषा मराठी, देश भारत, पद्धत यूटीएफ-८. सी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा मात्र तो यातल्या कुठल्याच गावचा नसतो. त्याचं मूळ लोकेल ‘सी’ नावाचंच, आणि त्याला खात्रीने ओळखता येतात ती जुनी इंग्रजीची चिन्हं. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘सेटलोकेल’ फंक्शनला रिकामी स्ट्रिंग द्यायची, म्हणजे तो यंत्राच्या मालकाने ठरवलेली भाषा उचलतो. ही एक ओळ नसेल तर रूपांतर ‘सातारा’ नाकारतं, नाहीतर प्रत्येक बाइटला सुटं चिन्ह समजून अठराच मोजतं. काहीही सांगितलं नाही, तर यंत्र तुम्हाला मराठी समजत नाही. ते तुम्हाला इंग्रजी समजतं.

कऱ्हाडची तीन गावं

लोकेल बरोबर लावलं तरी सगळं मिटत नाही. काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेच्या सभासदांच्या दोन याद्या जुळवायचं काम माझ्याकडे आलं. जुळणीत काही सभासद ‘सापडत नाहीत’ म्हणून त्यांना कागदपत्रं घेऊन पुन्हा बोलावलं होतं. त्यातले बरेच साठीच्या पुढचे, कऱ्हाडचे आणि आसपासच्या गावांतले. गावाचं नाव दोन्ही याद्यांत डोळ्याला अगदी सारखं दिसत होतं.

मी ते वाइड कॅरॅक्टरमध्ये फोडून क्रमांक छापले, तेव्हा एका कऱ्हाडची तीन गावं निघाली. मराठीतल्या ‘ऱ्ह’मधला अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त. मग शब्द सहा चिन्हांचा, अठरा बाइटचा. दुसरा: साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. तिसरा: साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. ॲपलच्या संगणकांची जुनी फाइल-व्यवस्था फाइलींची नावं असंच सुटं करून ठेवायची. या दोन्ही प्रकारांत सात चिन्हं, एकवीस बाइट. पहिला आणि तिसरा एकच आहेत असं युनिकोडचे नियम सांगतात आणि एकरूप करायची रीतही देतात. दुसऱ्यासाठी अशी रीत नाही, तो आपणच ओळखून बदलावा लागतो. मी तिन्ही एका रूपात आणले आणि माणसं ‘सापडली’. तोवर त्यांच्या एसटीच्या खेपा होऊन गेल्या होत्या.

दुसऱ्या एका ठिकाणी नावासाठी वीस बाइटची जागा ठेवली होती. इंग्रजीत वीस अक्षरं म्हणजे ऐसपैस. ‘कऱ्हाडकर’ आठ चिन्हांचं, चोवीस बाइटचं. विसाव्या बाइटला कात्री लागली की शिल्लक राहतं ‘कऱ्हाड’, आणि पुढे ‘क’चे दोन अनाथ बाइट. पडद्यावर ते प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन होऊन येतात. आडनावाचं गाव होतं आणि शेपटाला तो चौकोन लटकतो.

वाईचा क्रम, साताऱ्याची मोडी

मोजणीसारखाच दुसरा प्रश्न क्रमाचा. सातारा जिल्ह्यातल्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. अशा ग्रंथात अकारविल्हे क्रम म्हणजे कणाच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ला चिकटून बसलाय. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ठेवायचे की क आणि ज यांच्या पोटात, हे कोशाचे संपादक ठरवतात. यंत्राला नुसतं बाइटवर सोडलं तर तो निर्णय बाइट घेतात. म्हणून सी भाषेत लोकेलप्रमाणे तुलना करणारी वेगळी फंक्शन आहेत. पण लोकेलमध्ये आपला क्रम आधी कुणीतरी नीट लिहून ठेवलेला असावा लागतो.

आणि मोडी. साताऱ्याच्या छत्रपतींच्या गादीचा कारभार ज्या लिपीत चालला, तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. तोवर पहिल्या ६५,५३६ जागांचा मजला मोठ्या लिप्यांनी जवळजवळ भरला होता. मोडीचा विभाग सुरू होतो क्रमांक ७१,१६८पासून. त्यामुळे मोडीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये चार बाइटचं. विंडोजवर वाइड कॅरॅक्टरचा खण दोनच बाइटचा, तिथे मोडीच्या एका अक्षराला दोन खण लागतात. लिनक्सवर खण चार बाइटचा, तिथे एकात भागतं. साताऱ्याच्या दफ्तराचा मजकूर उद्या टाइप झाला, तर ‘एक खण म्हणजे एक चिन्ह’ धरून चालणारे प्रोग्राम विंडोजवर गडबडतील.

तीनपर्यंत पोचायला

मग तीन हा आकडा कुठे मिळतो? वाइड कॅरॅक्टर सहावर थांबतात, कारण काना आणि अनुस्वार त्यांच्या लेखी सुटी चिन्हं आहेत. वाचणाऱ्याला एक वाटणारा पुंजका ओळखण्याचे युनिकोडचे नियम वेगळे. त्या नियमांनी ‘सातारा’ बरीच वर्षं तीनच होता. ‘कऱ्हाड’ मात्र चार भरायचा, कारण ते जोडाक्षर हलन्तापाशी तोडत. देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम त्यांत आला २०२३ साली. मिरजेच्या तांबटाने जोडाक्षर अखंड कोरलं, त्यानंतर २१८ वर्षांनी.

असंच ‘ॲ’चं. ‘ॲप’मधलं हे अक्षर मराठीसाठी युनिकोडमध्ये आलं २००८ साली, आणि पुढच्या वर्षी राज्य शासनाच्या निर्णयाने वर्णमालेत बसलं. कुणीतरी अर्ज लिहिला, पुरावे जोडले, बैठकीत बाजू मांडली, म्हणून ते आलं. मोडीचंही तसंच.  प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो, लोकेलच्या फाइलीतली चूक कुणालाही कळवता येते. साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांतून दरवर्षी कितीतरी मुलं सी भाषेची परीक्षा देऊन बाहेर पडतात. त्यातल्या चौघांनी जरी सरावाच्या प्रोग्राममध्ये इंग्रजी नावाऐवजी स्वतःच्या गावाचं नाव मराठीत टाकून पाहिलं, तर कुठे काय तुटतं ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसेल. आणि तुटलेलं दिसल्याशिवाय कुणी दुरुस्त करत नाही.