‘चार्जिंग येत नाही’ : एका तक्रारीचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगताना आपण कारखानदारांची आणि मॉडेलांची नावे घेतो. गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडून आत वाकणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. गेली काही वर्षे मी जुनी वर्कशॉप मॅन्युअल्स, रद्दीतले सुट्या भागांचे कॅटलॉग आणि म्हाताऱ्या वायरमनांच्या आठवणी जमवतो आहे. हा लेख त्यातल्या एकाच तक्रारीबद्दल आहे. ही तक्रार गाडीवाल्या प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू आली असेल : चार्जिंग येत नाही.

तिचा जन्म शोधत मागे गेलो तर १९१२ च्या कॅडिलॅकपाशी पोचतो. त्याआधी गाडी हँडल मारून सुरू करायची, ठिणगीसाठी मॅग्नेटो असायचा आणि दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळायचे. बॅटरी नसली तरी फारसे अडत नसे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअराने विजेचा स्टार्टर बसवला (आपण त्याला आजही ‘सेल्फ’ म्हणतो) आणि हँडलपासून सुटका झाली. पण सेल्फला बॅटरी लागते आणि बॅटरी गाडी चालता चालता भरावी लागते. ते भरण्याचे काम डायनॅमोकडे आले आणि पुढची साधारण पन्नास वर्षे त्याच्याकडेच राहिले.

डायनॅमो हे तसे उघडे यंत्र. आत तांब्याच्या तारा गुंडाळलेले आर्मेचर फिरते, त्याच्या टोकाला कम्युटेटर आणि त्यावर घासणारे दोन कार्बन. तयार झालेली सगळी वीज या कार्बनमधूनच बाहेर येते, म्हणून ते झिजतात आणि कम्युटेटर काळा पडतो. गाडी सिग्नलला उभी असली की डायनॅमोला पुरेशी गती मिळत नाही आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. तेव्हाच्या चालकांना हे ठाऊक होते, त्यामुळे त्या मिणमिणण्याने कुणी घाबरत नसे. जोडीला कटआउट आणि रेग्युलेटरची डबी असे. डायनॅमोची वीज कमी पडली की कटआउटने वाट तोडायची, नाहीतर बॅटरी उलट डायनॅमोतच रिकामी व्हायची. त्याचे पॉइंट चिकटले तर रात्रभरात बॅटरी बसते आणि सकाळी गल्लीतली चार पोरे धक्का मारायला बोलवावी लागतात.

माझ्या लहानपणी, १९८१ च्या सुमारास, कोल्हापुरात आमच्याकडे सेकंडहँड फियाट ११०० होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे दिवस होते ते, त्यामुळे हातातली गाडी टिकवणे हीच हुशारी. आमच्या गाडीची वायरिंगची कामे उद्यमनगरच्या बाजूला बसणारे एक चाचा करत. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक शेगडी, डाग द्यायचे डबल हातोडीएवढे काविये आणि खिळ्याला टांगलेला टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरींना जोडलेला गाडीचाच बल्ब.

एकदा लाल दिवा रस्त्यावरही विझेना. वडील म्हणाले, “चाचा, बॅटरीच बदलून टाकू या का?” चाचांनी आधी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, मग हायड्रोमीटरने बॅटरीतले ॲसिड ओढून पाहिले. “डॉक्टरसाहेब, बॅटरी बरी हाय. थांबा, तुमास्नी दावतो.” त्यांनी डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन्ही टोके एका तुकड्याने जोडली आणि टेस्ट लॅम्पची एक वायर तिथे, दुसरी बॉडीला लावली. मला आत बसवून हळूच रेस द्यायला सांगितली. बल्ब पेटलाच नाही. “बघा. डायनॅमोच देईना झालाय. हा पेटला असता तर डबी खराब म्हणायची.”

पुढे मला लुकासच्या जुन्या मॅन्युअलात हीच चाचणी जशीच्या तशी सापडली, फक्त तिथे बल्बाऐवजी व्होल्टमीटर होता. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ही विद्या त्यांच्यापर्यंत कुठून आली ते त्यांनाही सांगता आले नाही. “उस्तादानं शिकवलं,” एवढेच. उस्तादाच्या आधी कोण, ते विचारायचे राहूनच गेले.

त्या दिवशी त्यांनी डायनॅमो उघडला, कार्बन बदलले, कम्युटेटर पॉलिश पेपरने साफ केला आणि घासून पातळ केलेल्या हॅक्सॉ ब्लेडने तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका खरवडला. जुने कार्बन वडिलांच्या हातावर ठेवले. नंतर तीच चाचणी परत केली आणि बल्ब झगझगीत पेटला. माझ्या मते चाचांवरच्या विश्वासाचे मूळ इथे आहे. ते स्वभावाने सज्जन होतेच, पण त्यांची परीक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होई आणि शाळकरी पोरालाही तिचा निकाल कळे.

ही उघडी परीक्षा अल्टरनेटरने संपवली. सिलिकॉनचे डायोड पुरेसे स्वस्त आणि दणकट झाल्यावर क्रायस्लरने १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला आणि पाहता पाहता सगळे उत्पादक त्या वाटेने गेले. यात मांडणी उलटी असते : चुंबकाचे वेटोळे फिरते आणि वीज स्थिर वेटोळ्यातून निघते. कार्बनमधून जातो तो फक्त चुंबकासाठीचा थोडासा प्रवाह. गाडी उभी असतानाही चार्जिंग मिळते. डायोड उलटी वाट अडवतात, म्हणून कटआउटही लागत नाही. यंत्र म्हणून ते सरस आहे, यात वादच नाही. आपल्याकडे घरोघरी ते पोचवले ते मुख्यतः डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने.

घोळ झाला तो विद्येचा. डायनॅमोच्या काळात एक झटपट युक्ती सर्रास चाले : इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन, बॅटरीची एक वायर काढायची. गाडी चालत राहिली तर डायनॅमो ठीक, बंद पडली तर खराब. अल्टरनेटरवर हाच प्रयोग केला की बॅटरीचा आधार सुटल्याक्षणी व्होल्टेज उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासता तपासताच मरतो, आणि मिस्त्री प्रामाणिकपणे सांगतो, “साहेब, अल्टरनेटर गेलाय.” तो खोटे बोलत नसतो, त्याने उस्तादाकडून घेतलेली खूण शिळी झालेली असते. दुरुस्तीतल्या फसवणुकीविषयी आपण बोलतो तेव्हा हा तिसरा प्रकार विसरतो, असे मला वाटते.

अर्थात पहिला प्रकार, सरळ लबाडी, सगळ्या देशांत आहे. अमेरिकेत १९४१ साली रीडर्स डायजेस्टने दोन माणसांना गाडी घेऊन ४८ राज्यांत फिरवले. गाडीच्या कॉइलची एक वायर मुद्दाम सोडवलेली असे. ३४७ गॅरेजांपैकी १२९ जणांनी ती चटकन ओळखली. उरलेल्या २१८ जणांनी, म्हणजे १०० मधल्या ६३ जणांनी, जास्त पैसे लावले, न लागणारी कामे सांगितली किंवा नुसत्याच थापा मारल्या. सुटलेली वायर ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती, तरी ही गत. आपल्याकडे अशी पाहणी झाल्याचे मला आढळले नाही. पण १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यामुळे ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी आला. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या गॅरेजपुढे तो किती टिकतो, हे ज्याचे त्याला माहीत.

माझेच सांगतो. १९९८ मध्ये पुण्यात माझी जुनी मारुती ८०० सकाळी सेल्फ मारताना कण्हायची. एका गॅरेजने नवी बॅटरी घातली. महिन्याने पुन्हा तेच. मग ‘अल्टरनेटर आख्खा बदलावा लागेल’ असे सांगून तोही बदलला. पावती मागितली तर पाठकोऱ्या कागदावर एक आकडा मिळाला. दिवाळीला कोल्हापूरला जाताना कराडला गाडीला धक्का मारावा लागला.

चाचा तोवर थकले होते. टपरीच्या जागी त्यांच्या मुलाचे दुकान होते आणि टेस्ट लॅम्पशेजारी नवा मल्टिमीटर. त्याने बॅटरीला पिना लावल्या. आदल्या रात्रीपासून बंद असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आगेमागे. (हल्लीच्या अनेक गाड्यांत संगणकच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे हा नियम सरळ लावता येत नाही.) माझ्या गाडीत इंजिन चालू असताना १२.९. “हितं थांबले असते तर अल्टरनेटरच खराब म्हणाले असते,” तो म्हणाला, आणि पिना अल्टरनेटरच्याच टर्मिनलवर आणि त्याच्या अंगावर टेकवल्या. १४.२. वीज तयार होत होती, वाटेत हरवत होती. मग त्याने एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनवर ठेवली. तिथे शून्याच्या जवळ असायला हवे होते; होते सव्वा व्होल्ट. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी हिरवी पडली होती. तीच चार्जिंग खात होती आणि तीच सेल्फला कण्हायला लावत होती. पट्टी सोडवली, घासली, आवळली, ग्रीस लावले. अर्धा तास. प्रत्येक आकडा त्याने मीटर माझ्याकडे वळवून दाखवला.

पैसे किती, विचारले तर म्हणाला, अब्बांना विचारा. चाचा आत खाटेवर होते. त्यांनी पैशांचे नंतर बघू म्हटले आणि आधी विचारले, “जुना अल्टरनेटर आणलास का?”

मी तो परत मागितलाच नव्हता.

“मग आता कुणाच्या तरी गाडीत नवा म्हणून बसला असंल,” चाचा म्हणाले. “चांगला होता की तो.”