मैफल, व्याख्यान आणि छापील पान

एखाद्या कलाप्रतिष्ठानाची संशोधनपत्रिका प्रकाशित होते, त्या दिवशी सकाळी व्याख्याने होतात आणि संध्याकाळी गाणे. या रिवाजाचा मागोवा घ्यायचा, तर सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंग गावाहून निघून आपण आधी जवळच्या सोलापुरात थांबू. पेशवाईच्या उत्तरार्धात इथला राम जोशी तमाशाच्या फडात रंगला आणि कीर्तनालाही उभा राहिला. कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. सांगणे आणि गाणे एकाच बैठकीत नांदत होते. नव्हता तो छापखाना.

छापखाना आला आणि 1874 साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. मैफली आणि शिक्षण यांबरोबर त्याने संगीतावरचे लेखनही हाती घेतले. 1887 साली समाजाच्या कार्याचे इंग्रजी पुस्तक मुंबईत छापले गेले. 1891 मध्ये अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह काढला. मुखातले कवन कागदावर उतरले खरे, पण त्यावर बोलणारा आता अभ्यासक होता. शाहीर केवळ सांगणारा उरला. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी मात्र 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गवई स्वतःच प्रकाशक झाला. तिथूनच त्यांचे ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक निघू लागले.

खरे वळण 1916 चे. सयाजीरावांच्या बडोद्यात भातखंडे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सांगलीचे देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांचा बावीस श्रुतींचा सिद्धांत तिथे चर्चेला आला, पण वाद निबंधांवर थांबला नाही. सूर प्रत्यक्ष लावून पाहिले गेले. छापलेले विधान गळ्याने पडताळायचे, हा दंडक इथे रुजला. पुढे 1947 च्या सुमारास गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ बी. आर. देवधरांच्या संपादकत्वाखाली निघाले. 1969 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने 1972 पासून त्रैमासिक काढले, आणि सप्रयोग व्याख्यान, म्हणजे गाऊन दाखवत केलेले विवेचन, आपल्या अंगवळणी पडले.

म्हणून प्रकाशन समारंभातले गाणे शोभेपुरते नसते. अंकातल्या लेखांची ती पहिली तपासणी असते. उद्या वळसंगसारख्या गावातून लोककलांची पत्रिका निघाली, तर शाहिराला संध्याकाळच्या कार्यक्रमापुरते बोलावून भागणार नाही. सकाळच्या चर्चेत तोच पहिला वक्ता असावा आणि अंकात त्याचा लेख त्याच्याच नावाने यावा.