पाऊल वाकडं ठरलं कसं?



आजचा विषय वाचून काहींनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस बुटांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण हा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या दारात आला. आपल्या दिव्यात पहाटे, लोकलची गर्दी सुरू व्हायच्या आधी, भरतीची तयारी करणारी मुलं रस्त्यावर धावत असतात. त्यांतला एक आमच्याच इमारतीतला. पोलीस आणि सैन्य, दोन्हीकडे प्रयत्न चाललेत. एक दिवस आला आणि म्हणाला, "सर, दुकानात मशीनवर पळवून बघितलं. म्हणाले, पाय आत कलतो, ओव्हरप्रोनेशन आहे, मोशन कंट्रोलचे बूट लागतील. दोन जोड दाखवलेत, दोन्ही दहा हजारांच्या वर. कुठला घेऊ?"

त्याच्या वडिलांचा पगार मला साधारण ठाऊक होता. मी म्हटलं, "कुठला ते मागाहून बघू. आधी सांग, 'ओव्हर' म्हणजे कशाच्या ओव्हर?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून शोधायला लागलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी पाय समजून घेऊ. धावताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनं जमिनीला टेकते, मग पाऊल थोडं आत कलतं, तळव्याची कमान दबते आणि धक्का जिरतो. या कलण्याला प्रोनेशन म्हणतात. हा दोष नाही, ही पायाची सोय आहे. ते जास्त झालं की त्याला 'ओव्हर' म्हणायचं. मोशन कंट्रोलचा बूट हे कलणं रोखू पाहतो: तळाच्या आतल्या बाजूला कडक फोम, टाचेला ताठ वाटी, बूड रुंद. अर्थातच तो वजनाला जड असतो.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे हजर होते. धावणारी बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची, आणि अनवाणी. त्यांच्या वेळा बघून दोराबजींना वाटलं, ही मुलं ऑलिम्पिकला का जाऊ नयेत? त्यातून १९२० साली भारताचा संघ अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले, एकोणिसावे आले. पुण्याच्या त्या मैदानावर कुणाचं पाऊल किती कलतं, हे कुणी मोजलं नव्हतं. मोजायची कल्पनाच नव्हती.

याचा अर्थ 'पूर्वीचं सगळं चांगलं, फेका ते बूट' असा घेऊ नका, बरं का. अनवाणी धावणं ही त्या मुलांची निवड नव्हती, ती गरिबी होती. मुद्दा एवढाच की 'ओव्हरप्रोनेशन' या दोषाला एक जन्मकाळ आहे.

तो साधारण असा. १९७०च्या दशकात अमेरिकेत धावण्याची लाट आली. त्याच सुमारास मर्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाची तपासणी शास्त्रशुद्ध बसवायचा प्रयत्न केला. टाचेच्या सांध्याची एक 'तटस्थ' स्थिती मानायची आणि तिच्यापासून पाय किती ढळतो ते मोजायचं. त्यांचा 'नॉर्मल' आणि 'अॅबनॉर्मल' पायावरचा ग्रंथ १९७७चा. आणि बघा, त्याच १९७७ साली ब्रूक्स कंपनीनं आतली बाजू उंच केलेला 'व्हँटेज' बूट आणला. १९८२ला 'चॅरियट', १९९२ला 'बीस्ट'. बीस्ट म्हणजे श्वापद; नावावरूनच बुटाचं वजन कळावं! ग्रंथानं प्रमाण ठरवलं, बाजारानं प्रमाणापासून ढळणाऱ्यांसाठी माल ठेवला. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. रूट यांची मांडणी प्रामाणिक होती. पण प्रमाण एकदा दुकानाच्या फळीवर चढलं की त्याला प्रश्न विचारायचं राहून जातं.

प्रश्न विचारले गेले ते पुढे. अमेरिकेच्या भूदल, वायुदल आणि मरीन दलात हजारो नवभरतींवर प्रयोग झाले. काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्या सर्वांना एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८१ धावपटू स्त्रिया होत्या. त्यांत मोशन कंट्रोलवाल्यांच्याच तक्रारी जास्त. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्झेंबर्गमधल्या ३७२ धावपटूंच्या अभ्यासात, २०१६ साली, आत कलणाऱ्या पायांना असे बूट उपयोगी पडलेले दिसले. म्हणजे पुरावा दोन्हीकडे आहे. 'घेतलेच पाहिजेत' असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि 'सगळी फसवणूक आहे' असंही नाही.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं एक काम मला फार आवडलं. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी १९९२ साली २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून निष्कर्ष मांडले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत सगळ्यात जास्त. ज्या पायाला आपण जन्मजात खोट म्हणतो, त्यात बुटाचाही हात असू शकतो.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. आपल्याकडे 'पाऊल वाकडं पडणं' म्हणजे चारित्र्य घसरणं. रांगोळीतली लक्ष्मीची पावलं मध्ये निमुळती. पण पाली वाङ्मयात, दीघनिकायातल्या लक्खणसुत्तात, महापुरुषाची बत्तीस लक्षणं दिली आहेत. त्यांतलं पहिलं कुठलं? ज्याचा तळवा सगळा सारखा जमिनीला टेकतो तो. म्हणजे आमच्या मुलाची 'खोट' तिथे पहिलं लक्षण ठरते!

जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच विचारवंतानं १९४३ साली 'नॉर्मल' या शब्दावरच प्रबंध लिहिला. तो डॉक्टरही होता. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: सरासरी म्हणजे आरोग्य नव्हे. बदलत्या परिस्थितीत शरीर स्वतःला सांभाळू शकतं का, नवी घडी बसवू शकतं का, हे बघा.

गंमत म्हणजे आपल्या सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत नेमकं हेच आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पाय लवचीक असेल, दुखत नसेल, चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर सपाट पाय चालतो. तिथे ठशाला नव्हे, कामाला महत्त्व.

मी त्या मुलाला चवड्यांवर उभं केलं. कमान दिसली. म्हटलं, "बाळा, मी काही डॉक्टर नाही. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक गोष्ट मात्र पक्की, तपासणीला बूट काढूनच उभं राहायचंय. दहा हजारांचा बूट तिथे तुझ्या बाजूनं साक्ष देणार नाही." मग बुटांचं बोललो. धावताना काही दुखतं का? नाही. मग भीतीपोटी घेऊ नकोस. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा. दोन्ही जोड घाल, धावून बघ, आणि साधा हलका जोडही घालून बघ. ज्यात पाय बुटाला विसरतो तो घे. पुढे दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी आधार सुचवला, तर कडक बूट आहेतच.

डॉक्टरांनी पाय ठीक म्हणून सांगितलं. त्यानं तिसरा, स्वस्तातला जोड घेतला. भरतीचं काय होईल ते मला माहीत नाही. १६०० मीटर त्यालाच धावायचेत. पण आता तो स्वतःच्या पायाकडे गुन्हेगारासारखं बघत नाही, एवढं मात्र खरं.