राहत्या घराची विक्रीपूर्व मांडणी
कुटुंब राहत असतानाच घर विक्रीसाठी पाहणाऱ्याच्या नजरेने आवरणे. अहिल्यानगरच्या सावेडी, केडगावसारख्या उपनगरांत जुने घर दाखवताना माळ्यावरचे सामान, पलंगाखालची भांडी आणि ओल धरलेली भिंत एकदमच डोळ्यांत भरतात. पसारा हलला की खोलीचे खरे माप कळते. मांडणीचे मोल तेवढेच, पण ते खरे आहे. आवरताना देवघर मात्र जागीच राहू द्यावे. गिऱ्हाईक प्रॉपर्टी कार्ड पाहून घर घेते, आवराआवर पाहून नव्हे, हा आक्षेप अर्धाच बरोबर: कागद चोख असलेल्या दोन घरांतली निवड डोळेच करतात. मांडणीआड दोष झाकून फसवणूक होईल, ही शंका मात्र रास्त आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५नुसार, स्वतःला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. म्हणून आधी गळती काढावी, मगच रंग द्यावा.