कोंबड्याचा तुरा आणि संप्रेरकांचा शोध

अमेरिकेतल्या दुकानात मिळणाऱ्या कोंबडीच्या पाकिटावर "हार्मोन्स वापरलेले नाहीत" अशी ठळक ओळ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. तिच्याच खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: कुक्कुटपालनात हार्मोन्स वापरायला सरकारी नियमांनी मनाई आहे. म्हणजे जे करायला बंदीच आहे ते आम्ही केलेले नाही, अशी ही फुशारकी! पण त्या बारीक ओळीमागे मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा नायक कोंबडी नसून कोंबडा आहे. पुरुषी संप्रेरक म्हणजे काय, हे माणसाला कोंबड्याने शिकवले. पुढे त्या ज्ञानाचा धंदा झाला, तेव्हा त्याची पहिली झळही कोंबड्यालाच लागली.

आपल्याकडे बैल बडवतात, बोकड खच्ची करतात. कोंबडा खच्ची करण्याची पद्धत मात्र आपल्याकडे फारशी नाही. युरोपात ती फार जुनी. अशा कोंबड्याला तिकडे केपन म्हणतात. त्याचे मांस मऊ आणि चरबीदार, म्हणून मेजवानीत त्याला मान. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा फिका पडतो आणि तो आरवायचे सोडतो, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवले आहे. हे काम सोपे मात्र नव्हे. पक्ष्यांचे वृषण शरीराबाहेर नसतात. ते पोटात, पाठीच्या कण्याला लागून, मूत्रपिंडांजवळ असतात. बरगड्यांमधून वाट काढून ते काढावे लागतात.

दोन हजार वर्षे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण ती अशी का होते हे कोणी नीट विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तर ठरलेलेच मिळाले असते: मज्जातंतूंमुळे. शरीरातला एक अवयव दुसऱ्याला निरोप धाडतो तो मज्जातंतूंमार्फत, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची धारणा होती.

जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात आर्नोल्ड बर्थोल्ड नावाचे एक प्राध्यापक होते. तिथल्या प्राणिसंग्रहाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी दोन-तीन महिन्यांचे सहा कोंबडे घेतले. दोघांचे दोन्ही वृषण काढले. दोघांचा एकच काढला आणि दुसरा पोटात राहू दिला. उरलेल्या दोघांचे दोन्ही काढून प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्याचा एक वृषण नुसता ठेवून दिला. पहिले दोघे अपेक्षेप्रमाणे केपन झाले: तुरा फिका, आवाज बसका, भांडणाची हौस नाही आणि कोंबड्यांकडे लक्षही नाही. बाकीचे चौघे मात्र ऐटीत वाढले. तुरे लालभडक झाले, आरवणे सुरू झाले, आपसात मारामाऱ्या होऊ लागल्या. परक्याचा वृषण पोटात असलेले दोघेही यात मागे नव्हते!

काही महिन्यांनी बर्थोल्ड यांनी पोट उघडून पाहिले, तेव्हा तो परका वृषण आतड्याला चिकटून रुजलेला दिसला. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, पण त्याचे जुने मज्जातंतू तुटले ते तुटलेच होते. मग निरोप जात होता कशातून? रक्तातून. वृषण रक्तात काहीतरी सोडतात आणि ते रक्त सगळ्या शरीरावर परिणाम करते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आमच्या संगणकाच्या धंद्यात बिघाड शोधताना बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहायची असते. बर्थोल्ड यांनी नेमके तेच केले. अवयव तोच, पक्षी तोच, बदलली ती फक्त जोडणी. अवघे सहा पक्षी, आणि १८४९ साली छापलेला निबंध जेमतेम चार-पाच पानांचा. पानांच्या संख्येवर प्रबंधाचे वजन ठरवणाऱ्यांनी तो एकदा अवश्य पाहावा.

बर्थोल्ड यांनी खूण म्हणून तुरा आणि आरवणे यांवर भर दिला, हेही बरे झाले. नुसत्या पिसाऱ्यावर भिस्त ठेवली असती तर ते फसले असते. कोंबड्याचा झुपकेदार रंगीत पिसारा पुरुषी संप्रेरकावर अवलंबूनच नसतो. केपनचा तुरा मावळतो, पण शेपटीचा डौल तसाच राहतो. उलट कोंबडीची साधी पिसे ही स्त्री-संप्रेरकाची करामत आहे. तिचा अंडाशय काढला की पुढच्या वेळी तिला कोंबड्यासारखी पिसे फुटतात. म्हाताऱ्या किंवा आजारी कोंबड्या क्वचित आरवू लागतात, त्यामागेही हेच कारण असते. १४७४ साली बाझल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळण्यात आले. तो बिचारा बहुधा कोंबडा नव्हताच, अंडाशय बिघडलेली कोंबडी असावी.

बर्थोल्ड यांच्या निबंधाचे पुढे काय झाले? काहीच नाही. त्याच विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याला तो प्रयोग जमला नाही, बर्थोल्ड यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला नाही आणि १८६१ साली ते वारले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही म्हणतात, पण इथे ते फुटायला साठ वर्षे लागली.

मधल्या काळात एक गमतीचे प्रकरण घडले. ब्राऊन-सेकार हा मोठा शरीरशास्त्रज्ञ. जन्म मॉरिशसमधल्या पोर्ट लुईसचा; तिथल्या मनोरुग्णालयाला त्याचे नाव असल्याने तिथल्या आपल्या मराठी मंडळींना तो परका नसेल. १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचे पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले. अर्क पाण्यातला होता, आणि हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तरुणपण आले ते बहुधा मनात. पण जगभर अशा इंजेक्शनांचे पेव फुटले.

'हार्मोन' हा शब्द १९०५ साली लंडनमध्ये स्टार्लिंगने व्याख्यानातून रूढ केला. पुरुषी संप्रेरक हाती लागायला मात्र मोजपट्टी हवी होती. अर्कात ते आहे की नाही, आणि असेल तर किती, हे ठरवायचे कसे? उत्तर पुन्हा कोंबड्याच्या डोक्यावर सापडले. केपनला अर्क टोचायचा आणि मावळलेला तुरा किती वाढतो ते मोजायचे. १९२७ साली शिकागो विद्यापीठात फ्रेड कॉख आणि त्यांचा विद्यार्थी मॅगी यांनी सुमारे ४० पौंड बैलांच्या वृषणांतून जेमतेम २० मिलिग्रॅम अर्क काढला. शिकागो तेव्हा जगातले मोठे खाटीकखाने बाळगून होते, त्यामुळे कच्च्या मालाची ददात नव्हती. तो अर्क टोचताच केपनचे तुरे लाल होऊन वाढले. १९३१ साली जर्मनीत बुटेनांट यांनी पोलीस शिपायांचे हजारो लिटर मूत्र आटवून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला लाकेअर यांच्या चमूने १०० किलो बैलांच्या वृषणांतून १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बुटेनांट यांना नाझी सरकारने ते घेऊ दिले नाही.

आता गोष्ट वळण घेते. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी स्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजेच डीईएस, हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक बनवले. संशोधन सरकारी पैशांचे, म्हणून पेटंट घेतले नाही. हेतू उदात्त होता, पण परिणाम असा की स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे हे औषध ज्याला हवे तो बनवू लागला. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात असे दिसले की डीईएसची गोळी कोवळ्या कोंबड्याच्या कातडीखाली घातली की त्याचे वृषण आक्रसतात, तुरा मावळतो आणि अंगावर चरबी चढते. शस्त्रक्रियेविना केपन! मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एरवी वृषणांना कामाला लावत असते. रक्तात भरपूर स्त्री-संप्रेरक दिसले की ती हा हुकूम थांबवते. १९४७ मध्ये सरकारची परवानगी मिळाली. गोळी मानेत डोक्यालगत घालायची, कारण डोके आणि मान टाकूनच द्यायची असते.

पण टाकलेले कुठेतरी जातेच. कोंबड्यांची मुंडकी मिंक नावाच्या केसाळ प्राण्यांना खाऊ घालत, आणि त्या मिंकना पिल्ले होईनाशी झाली. तक्रार करणारे होते कातड्यांचे व्यापारी, त्यामुळे ती ऐकायची घाई कोणाला नव्हती. पुढे कोंबड्यांच्या कातडीत आणि यकृतातही अवशेष सापडले. दरम्यान १९५८ साली कर्करोग होऊ शकेल असा पदार्थ अन्नात मिसळण्याविरुद्ध कायदा झाला होता. १९५९ च्या डिसेंबरात कुक्कुटपालनातले डीईएस थांबवण्यात आले. गुरांना मात्र ते १९५४ पासून देत होते, आणि तिथे ते बंद व्हायला १९७९ साल उजाडले.

सर्वांत वाईट भाग माणसांचा. गर्भपात टळावा म्हणून हेच औषध गर्भवती स्त्रियांना देत. १९५३ साली शिकागो विद्यापीठातच सुमारे सोळाशे स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी. औषधाचा काडीचा उपयोग नाही असे निघाले, तरी डॉक्टर ते लिहून देत राहिले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनीचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. मुलग्यांमध्येही वृषण खाली न उतरणे, वृषणाजवळ गाठी होणे असे दोष जास्त दिसले. कोंबड्याला बारा वर्षे आधी मिळालेले संरक्षण पोटातल्या बाळाला तेव्हा मिळाले.

भारतात गेले की नातेवाईक अजून बजावतात, "बॉयलर खाऊ नका, इंजेक्शन देऊन फुगवतात, गावठीच खा." चवीपुरते मी मान्य करतो! पण फुगण्याचे कारण इंजेक्शन नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या सालांचे वाण एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांची सरासरी वजने निघाली ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. फरक वाणाचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा.

त्या निवडीची किंमतही कोंबडाच मोजतो. ज्या कोंबड्यांपासून ही मांसाळ पिल्ले होतात, ते पोटभर खाऊ दिले तर इतके जड होतात की त्यांना कोंबडीवर नीट चढता येत नाही. पाय दुखावतात, आणि फलन होणाऱ्या अंड्यांचे प्रमाण वयाबरोबर घटत जाते. म्हणून त्यांना आयुष्यभर मोजून, भुकेलेले ठेवूनच खायला घालतात. माद्यांचे खाद्य वेगळ्या भांड्यात असते आणि त्यावर जाळी बसवलेली असते. जाळीच्या फटी अशा बेताच्या ठेवतात की कोंबडीचे डोके आत जाते, पण कोंबड्याचे रुंद डोके आणि उंच लाल तुरा मधेच अडतो.