इंदापूरची गढी आणि पंतांचे भारत

रणभूमी पाहायला जाणारा बहुधा खुणा शोधत जातो : ढासळलेला बुरूज, एखादी वीरगळ. इंदापुरात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीपाशी उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात रेंगाळत राहिली ती नावे.

निजामशाहीच्या चाकरीतले मालोजी सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत कामी आले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आला आहे. मागे दोन लहान मुले राहिली. अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला केलेल्या नवसाने ती झाली, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी, असे परंपरा सांगते. पुढे १६२४ मध्ये भातवडीच्या रणात, हबशी वजीर मलिक अंबराच्या बाजूने लढताना, शरीफजीही पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव त्या सुमारास मोगलांकडे होते.

एका घराण्याच्या दोन पिढ्यांचे हे मरण. यात आप्त कोण आणि शत्रू कोण, याची रेघ धर्मावरून ओढता येत नाही आणि नात्यावरूनही येत नाही. आज मात्र आपण हा इतिहास दोन रकाने आखूनच वाचतो. शरीफजी हे नाव कोणत्या रकान्यात घालायचे, हा प्रश्न आपल्याला पडतही नाही.

इंदापूरहून बारामतीस आलो. कऱ्हाकाठच्या या गावी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अवघे महाभारत आर्यावृत्तात मराठीत आणले. पंत ऐन बत्तिशीत असताना १७६१ चे पानिपत झाले. त्या दुःखाचे पडसाद त्यांच्या आर्यांत ऐकण्याचा मोह होतो, तो आवरावा. पण त्यांनी हाती घेतलेल्या कथेतले स्त्रीपर्व आठवून पाहावे. रणांगणावर फिरणाऱ्या गांधारीचा जीव आपल्या शंभर पुत्रांसाठी तुटतो, तसाच अभिमन्यूला कवटाळून बसलेल्या उत्तरेसाठीही. शेवटी गंगाकाठी तिलांजली देताना कुंती पांडवांना सांगते, कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ. नाते कळते ते तर्पणाच्या वेळी, बाण सुटून गेल्यावर.

दर आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे याच मुलखातून जाते. वारकरी समोरच्याचे नाव-गाव विचारण्याआधी त्याच्या पाया पडतो. कुंतीने उशिरा सांगितलेले नाते तो आधीच मानून चाललेला असतो.