दारावरची थाप



शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. पुण्याचा प्लेग, रँडसाहेबाचे जुलूम, २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या... मुलांची सनावळी पाठ झाली की धडा संपला.

माझी आजी त्या साली सात वर्षांची होती, कसब्यात राहायची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत दिसलेला प्लेग पुण्यात पोचला, फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर तपासणी करू लागले. रोग्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात. सामान जाळायचे. म्हणून लोक दुखणेकरी लपवत. आजीच्या थोरल्या भावालाही माळ्यावर लपवलं होतं. दारावर थाप पडली, सोजीर वर चढले, त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही.

साठ वर्षांनंतरही जोरात थाप पडली की आजी हातातलं काम टाकून माळ्याकडे बघत राहायची. आम्ही नातवंडं मुद्दाम दार वाजवून तिची गंमत करायचो!

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा वापरात आला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझा शाळेतला जुना सोबती गेला. शेवटचं दर्शनही झालं नाही. पुढे लस घेतली, निर्बंध उठले, लोक फिरू लागले. मी मात्र घरातच. बेल वाजली की छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही. सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना दाखवूया." मी चिडलो, "मी काय वेडा झालोय?"

डॉक्टरांनी समजावलं की हे वेड नव्हे. मोठ्या आघाताशी जुळवून घेताना मन अडखळतं, त्याला समायोजनाचा विकार म्हणतात. ताणाचं कारण दूर झाल्यावर तो बहुधा सहा महिन्यांत ओसरतो. बोलत राहा, उठण्याची वेळ पाळा, रोज चाला. तसं केलं. हळूहळू झोप येऊ लागली.

एके दिवशी बेल वाजली आणि मला माळ्याकडे बघणारी आजी आठवली. तिच्या भीतीला कुणी औषध विचारलं नाही, की तिला जवळ बसवून कुणी बोलतं केलं नाही. प्लेगवर इतकी वर्षं बोलणाऱ्या मलाही तिला विचारायचं कधी सुचलं नव्हतं. आता विचारावंसं वाटतं, पण ती नाही.

असो. तुमच्या घरी कुणी असं दचकत असेल तर हसू नका, जवळ बसा. स्वतःला होत असेल तर लपवू नका. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.